एकच प्रश्न दोनदा

रिफॅक्टरिंग या शब्दाला आपल्या धंद्यात फार मान आहे. "काय चाललंय?" या प्रश्नाला "कोड साफ करतोय" असं उत्तर दिलं, तर मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात. "रिफॅक्टरिंग चाललंय" म्हटलं की तोच माणूस मान डोलावतो. काम तेच असतं :-)

मार्टिन फाउलरचं याच नावाचं पुस्तक १९९९ साली आलं आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. व्याख्या तशी सरळ आहे. प्रोग्रॅमचं बाहेरून दिसणारं वागणं तसंच ठेवायचं आणि आतली रचना सुधारायची. घराचं वायरिंग नवीन केलं तरी बटण दाबल्यावर दिवा लागला पाहिजे, एवढंच. ऐकायला इतकं निरुपद्रवी वाटतं की त्यावर वाद घालावा असं कुणाच्या मनातही येत नाही.

मला वाद घालायचाय तो "बाहेरून दिसणारं" या दोन शब्दांवर. बाहेरून म्हणजे नक्की कुणाला?

वेबसाइट असेल तर वापरणारा माणूस बाहेर बसलेला असतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर अकाउंटंट असतो, आणि तो आपल्याला बरोबर फोन करतो. पण मेमरी कार्ड, हार्ड डिस्क किंवा एसएसडीला जागं करणारा जो कोड असतो, त्याच्या बाहेर कोण बसलेलं असतं? तिथे बसलेलं असतं ते कार्ड. त्याला आपली फंक्शनं किती सुटसुटीत आहेत, नावं किती छान दिली आहेत, हे काहीच दिसत नाही. कुठली कमांड आली, कुठल्या क्रमाने आली आणि किती वेळाने आली, एवढंच दिसतं. थोडक्यात, ज्याच्यासाठी वागणं बदलायचं नाही असं आपण ठरवलं, तो आपल्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा हजरच नसतो.

हे हवेत बोलणं नको म्हणून एक खरा बग सांगतो. मी ज्या टीममध्ये काम करत होतो तिथला आहे. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. असा बग कुठेही होऊ शकतो. पण तो कळायला आधी एसडी कार्ड जागं कसं होतं ते थोडं बघावं लागेल. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडले तरी चालतील.

एसडी कार्ड म्हणजे नखापेक्षा जरा मोठी वस्तू. पण तिच्या आत स्वतःचा एक छोटा कंट्रोलर असतो, आणि तो वीज मिळाल्या मिळाल्या कामाला लागत नाही. आधी व्होल्टेज स्थिर व्हायला किमान १ मिलिसेकंद द्यायचा. मग किमान ७४ क्लॉक द्यायचे, तेही ४०० किलोहर्ट्झच्या आत, सावकाश. मग सीएमडी ० पाठवायची, म्हणजे "रीसेट हो". मग सीएमडी ८, म्हणजे "मी अमुक व्होल्टेजवर बोलतोय, चालेल का? आणि ही खूण घे, जशीच्या तशी परत सांग". २००६ च्या आधीच्या नियमांनी बनलेल्या कार्डाला ही कमांड माहीतच नसते. ते "कळलं नाही" म्हणतं, आणि ते उत्तरही उपयोगाचं असतं. त्यावरून कार्ड जुनं आहे हे समजतं.

यानंतर एसीएमडी ४१, म्हणजे "आता तयारीला लाग". कार्ड बहुधा "थांबा" म्हणतं. पुन्हा विचारायचं. पुन्हा "थांबा". असं जास्तीत जास्त एक सेकंद चालू शकतं. शेवटी कार्ड "झालं" म्हणतं. छोटे मायक्रोकंट्रोलर कार्डाशी एसपीआय नावाच्या साध्या चार तारांवर बोलतात. त्या पद्धतीत सीएमडी ५८ नावाची आणखी एक कमांड असते. ती कार्डाचं ३२ बिटांचं एक रजिस्टर वाचून आणते. त्याचं नाव ओसीआर. त्यात कार्डाला कुठलं व्होल्टेज चालतं ते असतं. शिवाय बिट ३१ सांगतो की कार्डाची तयारी पूर्ण झाली का, आणि बिट ३० सांगतो की कार्ड जास्त क्षमतेचं आहे का. नियम असा, की बिट ३१ एक असेल तरच बिट ३० ला अर्थ. तयारी व्हायच्या आधी बिट ३० मध्ये जे काही असेल ते वाचून निष्कर्ष काढायचा नाही.

आता या बिट ३० चं एवढं काय? त्याच्यामागे एक छोटा इतिहास आहे. सुरुवातीच्या कार्डांना पत्ता द्यायचा तो बाइटमध्ये. म्हणजे "सुरुवातीपासून ५१२ वा बाइट", "१०२४ वा बाइट" वगैरे. पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे ४ जीबीच्या पलीकडे पोचायची सोयच नव्हती. २००६ साली एसडीएचसी कार्डं आली तेव्हा ठरलं, की पत्ता आता ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये द्यायचा. तेच ३२ बिट, पण मोजायचं एकक ५१२ पट मोठं. त्यामुळे हद्द २ टीबीपर्यंत गेली.

म्हणजे झालं असं, की एकाच कमांडचे दोन अर्थ झाले. एखाद्याला पत्ता सांगताना "कोपऱ्यापासून पाच" एवढंच सांगितलं, तर पाच फूट की पाच घरं? दोन्ही बाजूंनी एकच समजलं तर ठीक. आणि पाच फूट की पाच घरं हे ठरतं ते बिट ३० वरून.

आता मूळ गोष्ट. आमचं यंत्र होतं शीतगृहातलं तापमान नोंदवणारं. दर मिनिटाला एक नोंद, ६४ बाइटची, एसडी कार्डावर. माल खराब निघाला तर तो कुणाच्या ताब्यात असताना खराब झाला हे या नोंदींवरून ठरायचं. म्हणजे नोंद गेली तर नुसता डेटा जात नाही, वादातला पुरावा जातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कार्ड सुरू करणारं मूळ फंक्शन तीनेकशे ओळींचं होतं. कुणी लिहिलं होतं ते माहीत नव्हतं, कारण लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला होता. कॉमेंट नावाला नव्हती. वर बघावं तर ठिकठिकाणी अर्धवट नावांचे व्हेरिएबल. आणि त्यात सीएमडी ५८ दोनदा. एकदा एसीएमडी ४१ च्या आधी, एकदा नंतर. एकाचं उत्तर "ओसीआर" मध्ये, दुसऱ्याचं "ओसीआर २" मध्ये.

टीममधल्या एका खरोखर हुशार मुलाने हे साफ करायला घेतलं. त्याने तीनशे ओळींची पाच फंक्शनं केली, प्रत्येकाला समजेल असं नाव दिलं, आणि ते दुहेरी वाचन काढून टाकलं. ओसीआर एकदाच सुरुवातीला वाचायचं, एका स्ट्रक्चरमध्ये ठेवायचं आणि जिथे लागेल तिथे तेच वापरायचं. पुस्तकात शिकवतात तसं. रिव्ह्यू झाला, दोघातिघांनी "फार छान" म्हटलं, कोड आत गेला.

आणि छान होताच तो. प्रश्न एवढाच, की ती दोन वाचनं एकच गोष्ट सांगत नव्हती. पहिलं होतं "तुला हे व्होल्टेज चालेल का?" या प्रश्नासाठी, आणि दुसरं "आता तू तयार झालास, तर सांग तू कोण?" या प्रश्नासाठी. कमांड तीच, रजिस्टर तेच, उत्तर वेगळं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आपली साखर दोनदा तपासतात, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर. तिथे कुणी "तीच टेस्ट दोनदा कशाला, पहिलाच आकडा दोन्हीकडे लिहा" असं म्हणत नाही. कोडमध्ये मात्र आपण म्हणतो, कारण दोन सारख्या ओळी दिसल्या की हात शिवशिवायला लागतात.

नवीन कोडमध्ये बिट ३० वाचला जायचा तयारीच्या आधी. आमच्या कार्डांनी तिथे शून्य दिला. कोडने समजून घेतलं की कार्ड जुन्या पद्धतीचं आहे, पत्ता फुटांत द्यायचा. ८ जीबीचं कार्ड मात्र घरं मोजत होतं.

आता खरी गंमत पुढे आहे. असा ढळढळीत बग टेस्टमध्ये सापडला कसा नाही? तीन कारणं होती, आणि तिन्ही शिकण्यासारखी आहेत.

पहिलं, टेबलावर पडलेली टेस्टची कार्डं २ जीबीची होती. ती खरोखरच जुन्या पद्धतीची, त्यामुळे त्यांच्यासाठी शून्य हेच बरोबर उत्तर.

दुसरं, सेक्टर शून्य. शून्याला ५१२ ने गुणलं तरी शून्यच. कोपऱ्यावरचं घर फुटांनी मोजा नाहीतर घरांनी, तेच राहतं. "कार्ड सुरू झालं का" हे बघणारी टेस्ट नेमका पहिला सेक्टर वाचून बघायची. तो बरोबर यायचा. कार्डाची क्षमता वेगळ्या रजिस्टरमधून येते, तीही बरोबर. पडद्यावर ऐटीत "८ जीबी" दिसायचं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठ्या कार्डावरची जी एकुलती एक टेस्ट होती, ती कार्ड फॉरमॅट करायची, काही नोंदी लिहायची, परत वाचायची आणि जुळवून बघायची. जुळायच्या! कारण लिहिताना जो चुकीचा पत्ता दिला, वाचताना तोच चुकीचा पत्ता दिला. आमचा ड्रायव्हर एका वेळी एकच ब्लॉक लिहायचा-वाचायचा, त्यामुळे हे खोटं कुठे उघडही पडत नव्हतं. पाचव्या सेक्टरचं पत्र दर वेळी २५६० व्या घरात टाकायचं आणि दर वेळी तिथूनच काढायचं. टाकणारा आणि काढणारा एकच असेल तर चुकलंय हे कळणार कसं? फरक एवढाच, की ५१२ पैकी एकच घर वापरलं जात होतं. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात खरी जागा साधारण १६ एमबी. त्यातली काही जागा फाइल सिस्टिमच्या तक्त्यांना जाणार. पण दिवसाला ९० केबी नोंदी लिहिणाऱ्या यंत्राला उरलेली जागा भरायला तीनेक महिने लागतात. टेस्ट दहा मिनिटं चालायची.

आपलंच लिहिलेलं आपणच तपासायचं आणि पैकीच्या पैकी मार्क द्यायचे, असा तो प्रकार. कव्हरेजचा रिपोर्ट हिरवागार होता.

नवीन फर्मवेअर पहिल्या टप्प्यात काही यंत्रांवर गेलं. त्या यंत्रांत आधीच्या काही महिन्यांच्या नोंदी असलेली कार्डं होती. यंत्राने सेक्टर शून्य वाचला, त्यात लिहिलं होतं की विभाग सेक्टर ८१९२ पासून सुरू होतो. यंत्र ८१९२ गुणिले ५१२ या पत्त्यावर गेलं. कार्डाच्या हिशेबाने हा ब्लॉक क्रमांक ४१,९४,३०४, म्हणजे कार्डाच्या बरोबर २ जीबी आत. तिथे काहीच नव्हतं. आणि आमच्या फर्मवेअरमध्ये पूर्वीपासून एक सोय होती. फाइल सिस्टिम सापडली नाही तर कार्ड कोरं समजायचं आणि फॉरमॅट करून कामाला लागायचं. शीतगृहातल्या माणसाने नवीन कार्ड घातलं तर त्याला काही विचारत बसू नये म्हणून केलेली सोय. यंत्राने तसंच केलं. निमूटपणे.

दोन आठवड्यांनी कुणीतरी जुन्या नोंदी मागितल्या. नव्हत्या.

पहिली प्रतिक्रिया नेहमीची. "कार्डं डुप्लिकेट असतील." दुसरी प्रतिक्रियाही नेहमीचीच. "सुरुवातीला थोडा डिले वाढवून बघा." हार्डवेअर नीट वागत नसेल तर डिले टाकणं हा आपल्याकडचा अंगारा आहे. कधी कधी गुण येतो, आणि म्हणूनच तो सुटत नाही. इथे मात्र तासभर थांबलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण एसीएमडी ४१ मिळाल्याशिवाय कार्ड तयारीला सुरुवातच करत नाही. न बोलावलेल्या पाहुण्याची वाट बघण्यासारखं ते.

मग गिटमध्ये बायसेक्ट लावलं. हे हत्यार फार सुंदर आहे. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगायची, ते मधली काढून देतं, ती तपासायची, पुन्हा अर्ध. हजार बदल असले तरी दहाएक पायऱ्यांत दोषी बदल हाती येतो. आमच्याही हाती आला. पण तो एकच बदल नऊशे ओळींचा होता! फंक्शनं हलवणं, नावं बदलणं, मोकळ्या जागा नीट करणं आणि ते एक वाचन काढणं, सगळं एकाच कमिटमध्ये. गल्ली सापडली, घर सापडेना.

शेवटी दोन गोष्टींनी सोडवलं. एक म्हणजे कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, तर जुन्या सगळ्या फाइल जागच्या जागी! यंत्र म्हणतंय कार्डावर तुमच्या जुन्या नोंदी नाहीत, लॅपटॉप म्हणतोय सगळ्या आहेत. म्हणजे डेटा गेलेला नव्हता, आपण चुकीच्या जागी बघत होतो. दुसरं म्हणजे चार तारांना लॉजिक अॅनलायझर लावला, आणि जुनं फर्मवेअर कार्डाशी काय बोलतं आणि नवीन काय बोलतं ते शेजारीशेजारी ठेवून वाचलं. दोन्ही संवाद शब्दशः सारखे. फक्त शेवटी जुना कोड एक प्रश्न जास्त विचारत होता. सीएमडी ५८.

नऊशे ओळींच्या फरकात जे दिसत नव्हतं ते तारेवर दोन मिनिटांत दिसलं. कारण तारेवर जे दिसतं तेच कार्डाला दिसतं. व्याख्येतलं "बाहेरून दिसणारं वागणं" हे होतं. ते रिफॅक्टरिंगच्या आधी एकदा नोंदवून ठेवलं असतं आणि नंतर जुळवलं असतं, तर बग टेबलावरून उठलाच नसता. मायकेल फेदर्सने २००४ च्या त्याच्या जुन्या कोडवरच्या पुस्तकात हेच सांगितलंय. कोडने कसं वागायला हवं यावर वाद घालण्याआधी तो आज कसा वागतो ते टेस्टमध्ये पकडून ठेवा. आपण ते वाचतो, आणि फंक्शन आज काय परत देतं ते पकडून ठेवतो. तारेवर काय जातं ते पकडत नाही.

आता दुरुस्ती. इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे बहुतेक लोक थांबतात. काढलेली ओळ परत घाला, झालं. त्याने जुन्या नोंदी लगेच परत दिसायला लागल्या. चुकीच्या फर्मवेअरने केलेलं सगळं लिखाण, सेक्टर शून्य सोडून, २ जीबीच्या पलीकडे पडलं होतं. सेक्टर शून्यात त्याने जो विभागांचा तक्ता लिहिला होता तोही योगायोगाने मूळचाच, ८१९२ वाला. त्यामुळे बरोबर पत्ता दिल्याबरोबर जुनी फाइल सिस्टिम आहे तशी उघडली. सगळे खूश. मेलवर अभिनंदन वगैरे.

पण मधल्या दोन आठवड्यांच्या नोंदींचं काय? त्या चुकीच्या पत्त्यांवर लिहिल्या होत्या. पत्ता बरोबर झाल्यावर आता त्या सापडेनाशा झाल्या. म्हणजे बग दुरुस्त केला, आणि दुरुस्तीनेच दोन आठवडे गायब केले. तेही अशा रीतीने की कुणाच्या लक्षात येऊ नये, कारण सगळ्यांचं लक्ष परत आलेल्या नोंदींकडे.

साध्या प्रोग्रॅममधला बग काढला की तो गेला. साठवणुकीच्या कोडमधला बग मात्र चालू असताना जगात काहीतरी लिहून ठेवतो, आणि तो गेला तरी त्याचं लिखाण मागे राहतं. म्हणून अशा ठिकाणी "रिव्हर्ट केलं" हे दुरुस्तीचं अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं म्हणजे चुकीच्या कोडने जे लिहिलं ते चुकीच्याच पद्धतीने, एकदा, जाणूनबुजून वाचून योग्य जागी आणणं. तेव्हा फर्मवेअरमध्ये एक तात्पुरता तुकडा घातला गेला. कार्ड सुरू झालं की ब्लॉक ४१,९४,३०४ वर डोकावायचं. तिथे फाइल सिस्टिमची सही आणि आमच्या यंत्राचं लेबल सापडलं, तर सगळे पत्ते ५१२ ने गुणून ती दुसरी, सावलीतली फाइल सिस्टिम वाचायची, नोंदी मूळ फाइलमध्ये आणायच्या, आणि सगळं नीट उतरल्याची खात्री झाल्यावरच ती सही पुसायची. दिसायला अतिशय कुरूप कोड. पण त्याच्यावर बारा ओळींची कॉमेंट आहे, की हे का आहे आणि कधी काढायला हरकत नाही.

मूळ जागीसुद्धा नुसती ओळ परत घातली नाही, कारण तशीच घातली असती तर दोन वर्षांनी आणखी एखाद्या हुशार मुलाने ती परत काढली असती. त्याऐवजी दोन वाचनांची दोन फंक्शनं झाली. पहिलं फक्त व्होल्टेजचे बिट परत देतं, बिट ३० ते हाती लागूच देत नाही. दुसरं आधी बिट ३१ बघतं, तो शून्य असेल तर चक्क एरर देतं. शिवाय एक उलटतपासणी. कार्डाच्या ज्या रजिस्टरमधून क्षमता कळते, त्याच्या रचनेचीही आवृत्ती असते. ती म्हणतेय मोठं कार्ड आणि बिट ३० म्हणतोय छोटं, तर कोणीतरी खोटं बोलतंय. तिथेच थांबायचं, लिहायचं नाही. आणि कोरं वाटणारं कार्ड आपोआप फॉरमॅट करायची सोय आता माणसाने बटण दाबल्याशिवाय चालत नाही.

एवढं सगळं झाल्यावर ऑफिसमध्ये जे निघालं ते अपेक्षित होतं. एक गट म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, चालत्या कोडला हात लावू नये." हा गट प्रत्येक ऑफिसात असतो, आणि त्याला मोठ्या नावांचा आधारही आहे. जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपच्या निमित्ताने लिहिलं होतं, की जुन्या कोडमधल्या त्या विचित्र ओळी म्हणजे बहुधा कुठल्या तरी खऱ्या बगच्या दुरुस्त्या असतात. कोड फेकून नव्याने लिहिलात तर त्या सगळ्या फेकल्या जातात. हे मला पटतं. पण त्यावरून "हात लावू नका" असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. आमचा तीनशे ओळींचा राक्षस तसाच ठेवला असता, तर त्यातलं दुसरं वाचन का आहे हे आजही कुणाला माहीत नसतं. न समजलेला कोड चालतोय तोवर चालतो. मग एक दिवस नवीन प्रकारचं कार्ड येतं, आणि हात लावायला घाबरणारे लोक त्याच्यावर आणखी एक डिले टाकतात.

दुसरा गट म्हणाला, "करणाऱ्याला विचारायला हवं होतं." कुणाला विचारायचं? मूळ लिहिणारा नोकरी बदलून गेला. आपल्याकडे दोन-तीन वर्षांनी माणूस हलतोच, त्यात त्याची काही चूक नाही. पण तो जाताना आपल्याबरोबर "का" घेऊन जातो आणि "काय" तेवढं मागे ठेवतो. ज्याने रिफॅक्टरिंग केलं त्याच्या हातात फक्त "काय" होतं. मेलमध्ये त्याचं नाव "रूट कॉज" म्हणून लाल अक्षरात लिहिलं गेलं, ते मला तेव्हाही आवडलं नाही. रूट कॉज माणूस नव्हता. न लिहिलेलं एक वाक्य होतं. "तयारी झाल्यानंतर पुन्हा वाचा, कारण आधी बिट ३० ला अर्थ नसतो." एवढंच.

असं वाक्य लिहिणारे लोक असतात. लिनक्स कर्नलमध्ये कार्ड ओळखणारा जो कोड आहे, त्यात आधी एसडीआयओ, मग एसडी, मग एमएमसी असं विचारलं जातं. त्या ओळींच्या डोक्यावर एक छोटीशी कॉमेंट आहे, की क्रम महत्त्वाचा आहे, याच क्रमाने बघा. दोन-चार शब्द. पण ते वाचल्यावर कुणी "वर्णानुक्रमे लावू या" म्हणणार नाही. तिथेच आणखी थोडं वर एसडीआयओ रीसेट करायची कमांड सगळ्याच कार्डांना पाठवली जाते, आणि शेजारी लिहिलंय की कार्ड नव्याने सुरू होतंय की दुसऱ्यांदा हे आपल्याला माहीत नाही, म्हणून पाठवून द्या, इतर कार्डं तिच्याकडे दुर्लक्ष करतील. अनावश्यक वाटणारी ओळ, आणि तिचं कारण तिच्याच शेजारी. कर्नलवाले बग दुरुस्त करताना "फिक्सेस" म्हणून तो बग ज्या कमिटने आणला त्याचा क्रमांकही लिहितात. कुणाला लाजवायला नव्हे. तो चुकलेला बदल ज्या ज्या जुन्या आवृत्त्यांत गेला असेल, तिथे तिथे ही दुरुस्तीही पोचावी म्हणून.

तेव्हा माझं मत असं. हार्डवेअरशी बोलणाऱ्या कोडचं रिफॅक्टरिंग जरूर करावं, पण त्याला वेगळे नियम लावावेत. दोन सारख्या ओळी दिसल्या तर त्या एकच प्रश्न विचारतात का, आणि दोन्ही वेळी उत्तर एकच येतं का, हे आधी बघावं. प्रश्न सारखा असला तरी मधल्या काळात समोरचा बदललेला असू शकतो. ओळी हलवणं आणि ओळी काढणं एका कमिटमध्ये कधीच करू नये. एकाने लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यावं. कार्डाच्या बाबतीत दुसरा म्हणजे लॅपटॉप किंवा जुनं फर्मवेअर. आणि जिथे डेटा साठतो तिथे बग बंद करण्याआधी विचारावं, की हा बग चालू असताना त्याने काय लिहून ठेवलं आणि ते आता कोण वाचणार?

यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम आहे. शेवटचं मात्र महिनाभराचं होऊ शकतं, आणि बग ट्रॅकरमध्ये त्याच्यासाठी रकाना नसतो. "फिक्स्ड" असा शिक्का मारला की आकडा कमी होतो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळे पुढच्या ओळीवर जातात. शीतगृहातल्या त्या दोन आठवड्यांचं कुणीतरी नंतर विचारणार असतं, तो माणूस त्या मीटिंगमध्ये नसतो.

असो. बरंच लांबलं. तुमच्याही कोडमध्ये कुठेतरी एकच गोष्ट दोनदा वाचणारी ओळ असेल. ती काढायच्या आधी निदान स्पेसिफिकेशनचं ते पान उघडून बघा. आणि कारण सापडलं तर ओळ ठेवा, पण कारणही तिच्याच डोक्यावर लिहून ठेवा.